अग्निशिखराच्या दारात एकवीस दिवस

रविवारी सकाळी दहा वाजता तपासनीस इस्त्रीचा शर्ट घालून, तो पँटमध्ये नीट खोचून कॉम्प्युटरसमोर बसले. समोर कोरी वही, उजव्या हाताला एक निळं आणि एक लाल पेन, डाव्या हाताला चष्म्याचं घर. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि खुर्ची दोन बोटं पुढे ओढली.

"खेळ खेळायला बसताय की साक्ष द्यायला?" स्वयंपाकघराच्या दारातून पत्नीनं विचारलं.

तपासनिसांनी खुर्ची अजून एक बोट पुढे ओढली. कामावर असताना ते घरच्यांशी कामापुरतंच बोलत.

परवाना विभागातल्या चार नंबरच्या खिडकीमागे त्यांची एकतीस वर्षं गेली होती. ऑफिसात ते तपासनीस, बिल्डिंगमध्ये तपासनीस आणि लग्नानंतर वर्षभरात घरीही तपासनीसच झाले. कुठलाही कागद पुढे आला की त्यात काय आहे यापेक्षा काय नाही हे त्यांना आधी दिसे. भाजी आणायला गेले तरी ते जुडी उलटी धरून बघत. एकुलती एक मुलगी चिमी रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागली, तेव्हा लेकीनं घराण्याचं नाव राखलं असं त्यांना मनापासून वाटलं होतं.

तर या चिमीनं एक मुलगा पसंत केला होता. तो दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात कारागीर होता, म्हणून घरात त्याचं नाव पडलं कवळीवाला. हे नाव तपासनिसांनीच पाडलं. त्यात टिंगल नव्हती, त्यांनी फक्त हुद्दा नोंदवला होता. या कवळीवाल्याला दूरच्या एका शहरात नोकरी मिळाली होती आणि चार आठवड्यांनी रविवारी तो कायमचा तिकडे जाणार होता.

"तो जायच्या आत हो की नाही ते सांगा, बाबा," चिमी म्हणाली होती. "तुम्ही नाही म्हणालात तर मी जाणार नाही. पण मग इथे राहून जन्मभर तुमच्यावर रुसून बसेन, हे आत्ताच सांगून ठेवते."

धमकी रीतसर आणि आगाऊ दिलेली असल्यामुळे तपासनिसांना तिच्यात खोट काढता आली नाही. त्यांनी विचार केला आणि सांगितलं, की माणूस कामावरून कळतो, तेव्हा त्याचं काम दाखव. त्यांच्या डोळ्यांसमोर एखादी कवळी होती. चिमीनं आणला तो कॉम्प्युटरवरचा एक खेळ. 'अग्निशिखराचा वारस'. कवळीवाल्यानं हा खेळ तीन वर्षं रिकाम्या वेळात एकट्यानं बसून बनवला होता आणि त्याचं खरं काम हेच, असं चिमीचं म्हणणं होतं.

"ठीक आहे," तपासनीस म्हणाले. "मी पूर्ण खेळेन आणि मग मत देईन. अर्ध्यावर मत देणार नाही. तोवर उमेदवाराला मी भेटणार नाही, आणि तूही त्याच्याशी या विषयावर एक अक्षर बोलायचं नाहीस. परीक्षा म्हटली की गोपनीयता आलीच."

चिमीनं कबूल केलं. ती शब्दाची पक्की होती, आणि पुढे जे झालं त्यातलं निम्मं त्या पक्केपणामुळेच झालं.

खेळानं सुरुवातीलाच नाव विचारलं. व्यवहारात आपलं नाव कशाला आणा, म्हणून त्यांनी हुद्दा लिहायला घेतला, 'वरिष्ठ तपासनीस'. पण नावाची चौकट ष पर्यंत येऊन भरली. त्यामुळे खेळातला वीर त्या दिवसापासून 'वरिष्' झाला आणि गावातले लोक त्याला "हे वरिष्!" अशी हाक मारू लागले. तपासनिसांनी वहीत पहिली नोंद केली : 'नावाचा रकाना अपुरा.' आणि पुढे गेले. असे रकाने त्यांच्या ऑफिसातही होते.

हा वरिष् चालायला लागला तो पाठमोरा. म्हणजे तोंड उत्तरेला आणि चाल दक्षिणेला. त्याला डावीकडे वळता येई, उजवीकडे मुळीच वळता येत नसे. उजवीकडे जायचं तर तीनदा डावीकडे वळायचं, हे तपासनिसांनी दहा मिनिटांत शोधून काढलं आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. आवक-जावक विभागातून आस्थापना विभागात जायचा रस्ता तसाच होता. गावकऱ्यांचे हात कोपरापासून उलटे बसवलेले होते आणि सगळ्यांचे डोळे थोडे खाली घसरलेले होते, पण दात! दात मात्र असे एकसारखे, असे ठसठशीत, की पत्नीसुद्धा हातातलं काम टाकून बघत राहिली.

"दात छान काढतो हो पोरगा," ती म्हणाली.

"गुण शेवटी एकत्र देऊ," तपासनीस म्हणाले.

गावच्या म्हाताऱ्यानं सगळे दात दाखवत सांगितलं, की हे वरिष्, अग्निशिखर जागं झालं आहे, गावाचा नाश जवळ आला आहे, उत्तरेच्या दरवाजातून डोंगरावर जा. हे त्यानं लागोपाठ तीनदा सांगितलं. तपासनिसांनी तिन्ही वेळा लिहून घेतलं. मग जाण्याआधी चौकशी करावी म्हणून त्यांनी वरिष्ला किराणा दुकानात नेलं, आणि दुकानातल्या फरशीतून वरिष् खाली पडला.

पडला म्हणजे पडतच राहिला. खाली काळं, वर काळं आणि मधे हातपाय पसरून वरिष्. अर्ध्या-पाऊण तासानं पत्नी डोकावली.

"काय चाललंय?"

"पडतोय."

"कधीपासून?"

"पावणेअकरापासून."

"मग जेवून घ्या. तोवर टेकेल कुठेतरी."

तपासनीस जेवून आले. वरिष् पडतच होता. खोल विहीर असावी, असं त्यांनी धरलं होतं. दुपारी तीनला चिमी घरी आली आणि तिनं कुठलंतरी बटण दाबून वरिष्ला पुन्हा गावाच्या वेशीवर उभं केलं. तपासनिसांनी नोंद केली : 'किराणा दुकान धोकादायक. फलक लावणे आवश्यक.'

पुढचे तीन दिवस कोंबड्यांनी खाल्ले. गावातून उत्तरेच्या दरवाजाकडे जाणाऱ्या वाटेवर सात कोंबड्या होत्या आणि त्यांच्या अंगात कवळीवाल्यानं चुकून काय भरलं होतं कोण जाणे, त्यांची एक चोच लागली की वरिष् मरे. तो मेला की पडद्यावर सोनेरी अक्षरांत 'वीरगती प्राप्त' असं येई आणि तुतारी वाजे. कोंबडीनं मारलेल्यालाही एवढा मान देणारी व्यवस्था तपासनिसांना आवडली. पण ऑफिसात हाताखालच्या कारकुनानं "साहेब, काल काय केलंत?" असं सहज विचारलं तेव्हा "अकरा वेळा वीरगती" हे उत्तर त्यांना गिळावं लागलं.

शिवाय खेळ साठवून ठेवायचं बटण दाबलं की खेळच बंद पडून सगळं पहिल्यापासून सुरू होई. हे दोनदा अनुभवल्यावर तपासनिसांनी कॉम्प्युटर बंद करणंच बंद केलं. त्यांनी त्यावर एक कागद चिकटवला : 'कोणीही बंद करू नये. हुकुमावरून.' तिथून पुढे ते यंत्र दिवसरात्र घरघरत राहिलं. पत्नीला टेबल पुसता येईना, आणि इस्त्री लावली की दिवे मंदावतात म्हणून इस्त्रीवर बंदी आली. तपासनीस आयुष्यात पहिल्यांदा चुरगळलेल्या शर्टानं ऑफिसला गेले. खिडकीसमोरच्या रांगेत त्यावर कुजबुज झाली, असा त्यांना संशय होता.

गुरुवारी संध्याकाळी सव्वासहाला, भिंतीला पाठ घासत, सातही कोंबड्या चुकवून वरिष् उत्तरेच्या दरवाजापाशी पोचला. दरवाजा भव्य होता. त्याच्यापुढे एक द्वारपाल उभा होता. टक्कल, कपाळावर चढवलेला चष्मा, कानामागे बोरू. तपासनिसांनी त्याच्यासमोर वरिष्ला अदबीनं उभं केलं आणि बटण दाबलं.

द्वारपाल म्हणाला, "कागदपत्रं अपूर्ण आहेत. उद्या या."

तपासनीस खुर्चीत मागे टेकले. पाच दिवसांत या खेळात त्यांना भेटलेला हा पहिला शहाणा माणूस होता. एका वाक्यात दोष सांगितला, दुसऱ्यात उपाय सांगितला. फाफटपसारा नाही, आरडाओरडा नाही. हेच वाक्य तपासनिसांना बोलायचं असतं, तर त्यांनाही याहून चोख बोलता आलं नसतं. त्यांनी लाल पेन बाजूला ठेवून निळ्या पेनानं लिहिलं : 'द्वारपाल उत्तम.' मग हात जोडल्यासारखं केलं आणि उठले.

"झालं का आजचं?" पत्नीनं विचारलं.

"उद्या बोलावलंय."

शुक्रवारी ते बरोबर सव्वासहाला हजर झाले. द्वारपाल म्हणाला, कागदपत्रं अपूर्ण आहेत, उद्या या. शनिवारी तेच. रविवारी सुट्टी असेल म्हणून ते जाणार नव्हते, पण मग न जाणं अंगाशी येईल या भीतीनं सातला गेले. सोमवारीही तेच. दुसरा कुणी असता तर खेळ मोडका आहे हे त्याला पहिल्या पाच मिनिटांत कळलं असतं. पण तपासनिसांना इतर सगळ्या मोडक्या गोष्टी दिसल्या आणि ही एकच धड वाटली, याला काय करणार?

मंगळवारी वरच्या मजल्यावरचे निवृत्त भूगोल मास्तर स्वतःची खुर्ची घेऊन खाली आले. बिल्डिंगमध्ये बातमी फुटली होती.

"तुम्ही चुकताय," मास्तर म्हणाले. "त्याचा उद्या आणि तुमचा उद्या एकच कशावरून? त्याच्या गावात रात्र झाली पाहिजे. त्या माणसाला झोपवा."

वरिष्ला धर्मशाळेत नेलं. तो उशीवर उभा राहून झोपला. पडदा काळा झाला, पाखरं ओरडली आणि सूर्य उगवला, तो उत्तरेला.

मास्तर खुर्चीतून उठले. "हे काय आहे?"

"सकाळ," तपासनीस म्हणाले.

"सूर्य उत्तरेला उगवतो? चौतीस वर्षं मी मुलांना काय शिकवलं? कोण आहे तो मुलगा? असल्या मुलाच्या हाती तुम्ही मुलगी देणार?" मास्तरांचा आवाज कापत होता. त्या संध्याकाळी ते खुर्ची तिथेच टाकून गेले आणि दुसऱ्या दिवशी सूर्याच्या मार्गाबद्दलचं चार पानी पत्र चिमीच्या हातात देऊन गेले. द्वारपालाचं म्हणणं मात्र खेळातल्या उद्यालाही तेच राहिलं.

समोरच्या काकू अधिक व्यवहारी निघाल्या. त्या दारातूनच म्हणाल्या, "अहो, इतके दिवस झाले, तो काय मागतोय हे कळत नाही का तुम्हाला? काहीतरी द्या त्याच्या हातावर."

तपासनिसांचे कान लाल झाले. एकतीस वर्षांत त्यांनी खिडकीतून कुणाचा घोटभर चहासुद्धा आत येऊ दिला नव्हता. "काकू," ते म्हणाले, "तो तसला माणूस नाही."

"सगळे तसलेच असतात," काकू म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

दोन दिवस तपासनिसांनी दम धरला. पण कॅलेंडरवरचा तो रविवार जवळ येत होता, चिमी जेवताना ताटाकडे बघून जेवायला लागली होती आणि एक अक्षरही विचारत नव्हती. शेवटी एका संध्याकाळी पत्नी बाहेर गेलेली बघून त्यांनी खोलीचं दार लोटलं आणि वरिष्कडून एक कोंबडी मागच्या बाजूनं पकडवली. त्यासाठी चार वेळा वीरगती प्राप्त झाली. ती कोंबडी त्यांनी द्वारपालाला दिली. द्वारपालानं घेतली. कोंबडी नाहीशी झाली. मग तो म्हणाला, "कागदपत्रं अपूर्ण आहेत. उद्या या."

तपासनिसांनी वही मिटली. लाच दिली, ती घेतली गेली आणि काम झालं नाही. तिन्ही बाजूंनी अब्रू गेली. त्या रात्री ते जेवले नाहीत आणि पत्नीनं कारण विचारलं तेव्हा "पोट" एवढंच म्हणाले.

इकडे घराबाहेर वेगळंच प्रकरण शिजत होतं. बिल्डिंगच्या जिन्यातले दिवे पंधरा दिवस फडफडत होते. वीज कंपनीचा वायरमन मुख्य बोर्ड बदलायला आला होता आणि त्यासाठी दहा मिनिटं सगळ्यांची वीज बंद करायची होती. सगळ्यांची परवानगी मिळाली. तपासनिसांच्या दारावर टकटक झाली, तेव्हा वरिष् दरवाजासमोर उभा होता.

"आज जमणार नाही," तपासनीस म्हणाले. "उद्या या."

वायरमन दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला. आठव्या दिवशी त्यानं टोपी काढून विचारलं, "साहेब, उद्या म्हणजे नक्की कधी?"

या प्रश्नाचा तपासनिसांना राग आला. इतका सोपा शब्द लोकांना कळू नये? जिन्यात पाय घसरून मास्तरांचा घोटा मुरगळला होता, काकूंनी बोलणं टाकलं होतं आणि रात्री सगळी बिल्डिंग मेणबत्त्या घेऊन जिना चढत होती. तपासनीस मात्र कागदपत्रांच्या मागे होते. अपूर्ण आहेत म्हणजे ती जमवली पाहिजेत, हे त्यांना उशिरा सुचलं याबद्दल ते स्वतःवर नाराज होते. त्यांनी वरिष्ला गावभर हिंडवून मिळेल तो कागद उचलला. धर्मशाळेची पाटी, एका विधवेचं पत्र, लोणच्याची कृती आणि कोंबडी चोरल्याबद्दल वरिष्च्याच नावानं निघालेलं पकडवॉरंट. एकूण चौदा कागद झाले. त्यांनी त्यांची यादी केली, यादीला अनुक्रमांक दिले आणि बुधवारी संध्याकाळी, दरवाजापाशी आल्याच्या एकविसाव्या दिवशी, इस्त्री न केलेल्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून ते द्वारपालासमोर उभे राहिले.

नेमकी तेव्हाच बेल वाजली. चिमीनं दार उघडलं. दारात एक उंच, खांदे पाडून उभा राहणारा तरुण होता. त्याच्या नखांत प्लास्टरचा पांढरा चुरा होता.

"मला राहवलं नाही," तो चिमीला म्हणाला. "चार दिवस उरले. तू काही सांगत नाहीस. बाबांचं काय मत झालं, एवढं विचारून जातो."

"निकालाआधी उमेदवारानं भेटायचं नाही," तपासनीस पाठमोरेच म्हणाले. "बाहेर थांबा. माझं काम होतच आलंय."

ते बटणावर बोट ठेवणार, इतक्यात खाली जिन्यात वायरमनची सहनशक्ती संपली. खट्ट असा आवाज झाला. दिवे गेले, पंखा थांबला आणि तीन आठवडे घरघरणारा कॉम्प्युटर एक सुस्कारा टाकून गप्प झाला. पडदा काळा. वरिष्, चौदा कागद, अनुक्रमांक, सगळं गेलं.

तपासनीस त्या काळ्या पडद्याकडे बघत होते. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

कवळीवाला दोन पावलं पुढे आला. "काका, कुठवर पोचला होतात?"

"दरवाजापर्यंत."

"दरवाजापर्यंत?" तो थक्क झाला. "तिथवर तर आजपर्यंत कुणीच पोचलं नाही! सगळे कोंबड्यांपाशीच सोडून देतात." मग त्याचा चेहरा उतरला. "काका, मग फार नुकसान नाही झालं. दरवाजाच्या आत काही नाहीये."

"काही नाही म्हणजे?"

"डोंगर बनवायचा राहूनच गेला. दरवाजा उघडतच नाही. कुणी आलंच तर द्वारपालानं काहीतरी बोलावं, म्हणून एक वाक्य टाकलं होतं. चूक माझी आहे. तुमच्याकडे खेळ देतानाच सांगायला हवं होतं, पण तुम्ही पंधरा मिनिटांत कंटाळाल असं वाटलं."

"मी एकवीस दिवस येतोय," तपासनीस हळूच म्हणाले. "रोज. सव्वासहाला. अपूर्ण काय आहे हे एकदाही न सांगता माणसाला एकवीस दिवस उभं करायचं? अहो, माणूस आहे की कोण आहे समोर? हे असलं वाक्य तुम्हाला सुचलं तरी कसं?"

कवळीवाल्यानं चिमीकडे पाहिलं, मग स्वतःच्या नखांकडे पाहिलं.

"सुचलं नाही, काका. ऐकलं होतं. मला स्वतःचा दातांचा कारखाना काढायचा होता. परवान्यासाठी अर्ज केला होता. चार महिन्यांत अकरा वेळा आलो. खिडकी नंबर चार." तो नखातला चुरा कोरत राहिला. "तेव्हा तुम्ही चिमीचे बाबा आहात हे मला माहीत नव्हतं. नंतर कळलं, पण वाक्य बदलायचं राहिलं. चेहराही."

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," पत्नी अंधारातून म्हणाली. "म्हटलं, सांगून कशाला दुखवा."

"आणि परवाना?" तपासनिसांनी विचारलं.

"नाही मिळाला. म्हणून तर ही दूरची नोकरी धरली."

दिवे आले. वायरमन दारात येऊन म्हणाला, "झालं साहेब. दहा मिनिटांचं काम होतं." आणि टोपी घालून निघून गेला. चिमीचं जाणं आपल्याच खिडकीतून सुरू झालं होतं हे तपासनिसांना समजलं होतं, आणि त्यांना लाज वाटत होती. त्यांनी समोरच्या तरुणाकडे पाहिलं. अकरा वेळा हा माणूस दोन हातांवर उभा होता आणि त्यांनी एकदाही मान वर करून बघितलं नव्हतं.

"उद्या," तपासनीस म्हणायला गेले आणि थांबले. मग कपाळावरचा चष्मा काढून खिशात ठेवून आतल्या खोलीत निघून गेले.

गुरुवारी त्यांनी खिडकी उघडण्याआधीच फाईल काढली. 'कृत्रिम दंत निर्मिती, लघु कारखाना.' अकरा कागद हवे होते. त्यांनी मोजले, अकरा होते. उलटीकडून मोजले, तरी अकराच. पहिल्या पानावर लाल पेनानं लिहिलेलं होतं 'अपूर्ण', आणि खाली सही त्यांची. काय अपूर्ण, ते लिहिलं नव्हतं. तपासनिसांनी तो शेरा कितीतरी वेळ वाचला. त्या तारखेला आपण काय बघितलं होतं, हे त्यांना काही केल्या आठवेना.

मग एक पेच उभा राहिला. आता होकार द्यायचा हे त्यांनी पहाटेच ठरवलं होतं. काम म्हणाल तर भयंकर होतं. उजवीकडे वळता येत नाही, सूर्य उत्तरेला, कोंबड्या खुनी. पण दाराआड काही नाही आणि चूक माझी आहे, असं सरळ तोंडावर सांगणारा माणूस त्यांनी एकतीस वर्षांत खिडकीच्या दोन्ही बाजूंना पाहिला नव्हता. होकार दिला की तो नातेवाईक होणार, आणि नातेवाईकाच्या फाईलला त्यांना हात लावता येणार नव्हता. तो नियम होता. म्हणजे आधी परवाना, मग होकार. आणि मधे चिमीशी चुकूनसुद्धा हसून बोलायचं नाही. सकाळी चहा देताना तिनं "बाबा?" असं विचारलं, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र उलटं धरून वाचलं होतं.

ते फाईल घेऊन स्वतः टेबलाटेबलावर फिरले. त्यासाठी तीनदा डावीकडे वळावं लागलं. एका टेबलावरच्या बाई जेवायला गेल्या होत्या, दुसऱ्या टेबलावरचा कारकून म्हणाला, "ठेवून जा साहेब, बघतो सावकाश." तपासनीस ठेवून गेले नाहीत, त्याच्या टेबलासमोर उभे राहिले. असं उभं राहिल्यावर समोरच्याच्या टाळूवरचे केस मोजता येतात, हे त्यांना त्या दिवशी कळलं. चार वाजून चाळीस मिनिटांनी परवाना त्यांच्या हातात पडला आणि ते रिक्षा करून कवळ्यांच्या कारखान्यावर गेले.

कारखाना म्हणजे दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीला अर्ध्या उंचीचं फळीचं दार होतं आणि पलीकडे कवळीवाला बाकावर वाकून एक दात घासत होता. तो घासे, उजेडात धरी, बोट फिरवून बघे आणि पुन्हा घासे. शेजारी स्टुलावर चिमी बसली होती. लॅबमधून ती सरळ इकडेच आली होती आणि दोघं निरोपाच्या माणसांसारखी गप्प होती.

तपासनीस दाराबाहेर थांबले. इकडच्या बाजूला उभं राहायची त्यांना सवय नव्हती.

"काका! आत या ना," कवळीवाला घाईनं उठला आणि फळी उचलून धरली.

तपासनीस आत गेले नाहीत. त्यांनी परवाना पुढे केला. "तुझी फाईल पूर्ण होती," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून पूर्ण होती. मी बघितलंच नव्हतं."

कवळीवाल्यानं हात पुसून कागद घेतला आणि पहिल्या ओळीपासून सावकाश वाचायला लागला. चिमी बापाकडे बघत होती. तपासनीस तिच्याकडे न बघायची शिकस्त करत होते, पण ओठांवरचं हसू त्यांना आवरत नव्हतं.

वाचता वाचता कवळीवाला शेवटच्या ओळीशी अडखळला. त्यानं कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"काका, म्हणजे, तुमची हरकत नसेल तर…" तो चाचरला. "यावर शिक्का नाहीये."

तपासनिसांनी कागद हिसकावून घेतला. सही होती, तारीख होती, क्रमांक होता. शिक्क्याची जागा कोरी होती. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून शिक्का राहिला नव्हता. त्यांनी घड्याळ पाहिलं. पाच वाजून पाच. शिक्क्याचं कपाट साडेपाचला बंद होत असे. बाहेर रिक्षा केव्हाच निघून गेली होती.

"राहू दे हो काका," कवळीवाला म्हणाला. "सावकाश आणा. इतके दिवस थांबलो, अजून एक…"

"आलोच!" तपासनीस म्हणाले.

"बाबा!" चिमी स्टुलावरून उठली. "आणि आमचं काय? हो की नाही?"

"आधी शिक्का!" तपासनीस ओरडले, आणि चुरगळलेल्या शर्टाचं टोक पँटबाहेर आलेलं, कागद डोक्यावर धरलेला, अशा अवतारात भर रस्त्यातून पळत सुटले. समोरून भाजीची पिशवी घेऊन येणाऱ्या काकूंनी त्यांना ओळखलं नाही. तपासनिसांना पळताना आजवर कुणी पाहिलंच नव्हतं.